चिप मेलीय की वेग चुकलाय?

उद्या प्रोजेक्टची व्हायवा आणि आज लॅपटॉप म्हणतोय, ‘चिप सापडत नाही’. इंजिनिअरिंगवाल्यांना हे चांगलंच ओळखीचं असेल. चिप कचऱ्यात टाकण्याआधी ही गोष्ट ऐका.

१९८०च्या दशकात सर्किट बोर्ड गच्च भरायला लागले. चिपच्या पिना इतक्या जवळ आल्या की तपासणीच्या सुया टेकवायला जागाच उरेना. म्हणून १९८५मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचे इंजिनिअर एकत्र आले. त्या गटाच्या नावावरूनच ‘जेटॅग’ हा शब्द आला. त्यांची कल्पना साधी होती: तपासणीची साखळी चिपच्या आतच ठेवायची आणि चार-पाच तारांवरून एकेक बिट आत-बाहेर करायचा. १९९०मध्ये याचं आयईईई ११४९.१ हे मानक झालं. पुढे त्याच तारांवरून प्रोग्रॅम टाकणं, मध्येच थांबवणं, चूक शोधणंही सुरू झालं.

पण एक मेख होती. टिकटिक, म्हणजे क्लॉक, देतो बाहेरचा डीबगर. ‘जरा दमानं घे’ असं चिपला सांगताच येत नव्हतं. एआरएम७टीडीएमआय-एस या कोरमध्ये बाहेरची टिकटिक आतल्या क्लॉकशी जुळवून घ्यावी लागते. म्हणून नियम असा की बाहेरचा वेग आतल्याच्या एक षष्ठांशाच्या वर न्यायचा नाही. लॅबमधली एलपीसी२१४८ घ्या. ती ६० मेगाहर्ट्झवर पळत असेल, तर १० चालतात. रीसेट झाला की ती क्रिस्टलवर येते. तो १२चा असेल तर मर्यादा फक्त २! मघाशी चालणारा वेग आता चालत नाही, तो यामुळे. यावर आर्मने आरटीसीके नावाची परतीची तार दिली: चिपने ‘पोचलं’ म्हटल्यावरच पुढची टिकटिक.

कोऱ्या एटीमेगा३२८पीचंही तसंच. ती १ मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रोग्रॅमिंगचा क्लॉक त्याच्या चौथाईपेक्षा कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत.

नंतरच्या कॉर्टेक्स-एम चिपांत दोन तारांचं एसडब्ल्यूडी आलं. तिथे डीबगचा क्लॉक कोरच्या क्लॉकला बांधलेला नाही. पण लांब जंपर वायर आणि ढिली ग्राउंड तिथेही घात करतात.

म्हणून सुरुवात १०० किलोहर्ट्झपासून करा. चिप त्याहून संथ असेल तर आणखी खाली या. आयडी नीट वाचता आला की वेग हळूहळू वाढवा. गडबड दिसली की बऱ्यापैकी मागे या, आणि रीसेटनंतर पुन्हा तपासा. दोन मिनिटं जास्त लागतील, पण चांगली चिप कचऱ्यात जाणार नाही.

भेटू पुढच्या भागात!