फिर्याद कोणाची?

नागपुराहून जबलपूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे 1821 सालीं वसलेली कामठीची छावणी मागें टाकून नदी ओलांडावी लागते, आणि पैलतीरावर नदीचेंच नांव धारण करणारें कन्हान हें गांव लागतें. आसपास कोळशाच्या खाणी, कारखाने आणि कष्टकऱ्यांची वस्ती. अशा गांवांतील एखाद्या खाणकामगाराचा तरुण मुलगा भांडणांत मारला गेला, अशी वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. बाप पोलीसठाण्यांत जाऊन खबर लिहवितो, तपास होतो, दोषारोपपत्र दाखल होतें आणि खटला नागपूरच्या सत्र न्यायालयांत उभा राहतो. नेमल्या दिवशीं बाप तेथें जातो तों पुकारा होतो तो 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असा. त्यांत त्याचें नांव नसतें. आरोपीशेजारीं आरोपीनें स्वतः निवडलेला वकील असतो. बापाच्या बाजूनें जो उभा आहे असें म्हणतात, त्यास बापानें नेमलेलें नसतें, फी दिलेली नसते, कित्येकदां दोघांची भेटहि झालेली नसते. बाप हा त्या खटल्यांत केवळ एक साक्षीदार. मुलगा गेला माझा, मग फिर्याद कोणाची, असा प्रश्न त्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. अपराध हा व्यक्तीचा कीं समाजाचा, आणि त्याची दाद मागण्याचा अधिकार कोणाचा, ह्या वादाचें मूळ त्यांत आहे. त्या वादाचा आमच्या प्रांतापुरता इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

मराठी राज्यांतील न्यायाची रीत पाहिली तर तेथें सरकारी वकील नव्हता, आणि आजच्या अर्थानें वकिलीचा धंदाहि नव्हता. ज्याचें नुकसान झालें त्यानें पाटलाकडे, कमाविसदाराकडे किंवा हुजुरांत जाऊन फिर्याद सांगावी. दोन्ही पक्षांनीं जामीन व राजीनामे लिहून द्यावे. गोतानें किंवा मजालसीनें निवाडा करावा, असा शिरस्ता असे. हरणाराकडून गुन्हेगारी आणि जिंकणाराकडून हरकी घेऊन सरकारहि आपला वांटा घेई. खुनासारख्या प्रकरणांतसुद्धां मृताच्या वारसांस जमीन देऊन वैर मिटविल्याचे दाखले जुन्या कागदपत्रांत आढळतात. ह्या पद्धतींत एक मोठा गुण होता. ज्याला जखम झाली तो न्यायाच्या मध्यभागीं उभा असे; त्याचें समाधान झाल्यावांचून तंटा मिटला असें कोणी मानीत नसे. परंतु ह्याच गुणाच्या पोटीं दोषहि होता. ज्याच्या मागें भाऊबंद नाहींत, द्रव्य नाहीं, त्याची फिर्याद कोण पुढें नेणार? आणि अपराधी स्वतःच सत्ताधारी असला तर?

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुण्यास 1773 सालीं मिळालें. त्या वर्षाच्या 30 ऑगस्ट रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. फिर्यादीस कोणी उभें राहावें? पत्नी गंगाबाई गरोदर, आणि ज्याच्यावर संशय तो चुलता रघुनाथराव पेशवेपदावर चढलेला. अशा स्थितींत रामशास्त्री प्रभुणे यांनींच चौकशी केली, दोष रघुनाथरावाच्या माथीं ठेविला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणें सोडून गेले, असें परंपरा सांगते. ही कथा आपण न्यायाधीशाच्या निःस्पृहतेचें उदाहरण म्हणून मुलांस सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू आपल्या ध्यानांत येत नाहीं. शोध करणारा, आरोप ठेवणारा आणि निर्णय देणारा हे तिन्ही अधिकार एकाच पुरुषाच्या ठायीं एकवटले होते. आणि निर्णय अमलांत येईना तेव्हां त्या पुरुषाला राजधानी सोडण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं. राज्यकर्त्यावरहि समाजाच्या नांवानें फिर्याद मांडील असा अधिकारी त्या राज्यघटनेंत नव्हता.

पुढें इंग्रज आले. त्यांनीं आपल्या देशांतील पद्धत जशीच्या तशी येथें आणली असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ह्या बाबतींत तो खरा नाहीं. खुद्द इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच भागापर्यंत खटला चालविण्याचा भार बहुधा फिर्यादीवरच पडे. चोरी झालेला शेतकरी स्वतःच्या खर्चानें चोरावर खटला चालवी, आणि हा खर्च झेपेना म्हणून गांवोगांवचे लोक वर्गणीच्या मंडळ्या स्थापीत. सरकारी अभियोगाचा वरिष्ठ अधिकारी तेथें 1879 च्या कायद्यानें निर्माण झाला, आणि देशभर चालणारें स्वतंत्र अभियोग खातें तर 1986 सालीं कामास लागलें. फ्रान्सांत राजाच्या नांवानें फिर्याद मांडणारा अधिकारी फार पूर्वींपासून होता, व त्याच्या जोडीला नुकसानभरपाई मागणारा पीडित मनुष्य पक्षकार म्हणून त्याच खटल्यांत येऊं शके. हिंदुस्थानांत इंग्रज सरकारनें ज्या संहिता केल्या त्या इंग्लंडच्या जुन्या रीतीहून वेगळ्याच वाटेनें गेल्या. 1882 च्या व नंतर 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत, सत्र न्यायालयांतील प्रत्येक खटला सरकारी वकिलानेंच चालवावा, असा स्पष्ट नियम आहे. फिर्यादीनें खाजगी वकील दिला तर त्यानें सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार वागावें, असें 1898 च्या संहितेच्या 493 व्या कलमानें ठरविलें. आणि न्यायालयाच्या संमतीनें खटला काढून घेण्याचा अधिकार 494 व्या कलमानें सरकारी वकिलास दिला.

ह्या बदलाचा अर्थ काय, हें महाराष्ट्रानें एकाच पिढींत दोन वेळां अनुभविलें. 1882 सालीं कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनीं 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांवर अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस काढावे लागले. ती फिर्याद एका माणसाची होती. ज्याची अब्रू गेली असें म्हणणें, त्याच्या नांवानें ती चालली. पुढें 1897 सालीं टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हां फिर्यादी खुद्द सरकार होतें. तो आरोप सरकारच्या मंजुरीवांचून कोणास आणतां येत नसे. आणि ज्या सरकारचा अवमान झाला असें म्हणत, त्याच सरकारचा वकील समाजाच्या नांवानें बोलत होता. नऊ पंचांपैकीं सहा जणांनीं दोषी ठरविलें, तिघांनीं निर्दोषी, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. फिर्याद राज्याच्या हातीं गेली म्हणजे ती सूडापासून आपोआप मुक्त होते असें नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावयाचा. राज्यालाहि राग येतो, राज्यालाहि शत्रु असतात.

स्वातंत्र्यानंतर खाजगी आणि सरकारी वकिलांचा संबंध सर्वांच्या चर्चेचा विषय झाला तो नानावटी खटल्यामुळें. 27 एप्रिल 1959 रोजीं नौदलाच्या अधिकाऱ्यानें प्रेम आहूजा यांस मुंबईंत गोळ्या घालून ठार केलें. सत्र न्यायालयांत सरकारतर्फे चंदुलाल त्रिवेदी उभे होते. मृताच्या बहिणीनें राम जेठमलानी यांस नेमलें. परंतु कायद्याप्रमाणें त्यांचें काम सरकारी वकिलास साह्य करण्याचें होतें. पंचांनीं आठ विरुद्ध एक अशा मतानें आरोपीस निर्दोषी ठरविलें; न्यायाधीशांस तो निर्णय मान्य न झाल्यामुळें प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलें. तेथें सरकारची बाजू यशवंतराव चंद्रचूड यांनीं मांडली, जे पुढें भारताचे सरन्यायाधीश झाले. आजन्म कारावासाची शिक्षा झाली व 24 नोव्हेंबर 1961 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. पुढें राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनीं आरोपीस क्षमा केली, ती मृताच्या बहिणीची संमति मिळाल्यानंतर. संहितेनें जिला मागच्या बाकावर बसविलें, तिच्याकडे क्षमेच्या वेळीं राज्याला पुन्हा जावें लागलें. म्हणजे फिर्याद राज्याची असली तरी दुःख राज्याचें नसतें, हें राज्यालाहि मनांतून ठाऊक होतें.

हा झाला मोठ्या न्यायालयांतला प्रकार. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत, जेथें कन्हानसारख्या गांवांतील चोऱ्यामाऱ्यांचा न्याय होतो, तेथें फार काळ पोलीस खात्याचाच माणूस सरकारी वकिलाचें काम करी. ज्या खात्यानें पुरावा गोळा केला त्याच खात्यानें त्याची परीक्षा करावी, अशी ही अवस्था होती. 1 एप्रिल 1974 पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेनें ही रीत मोडूं पाहिली. तरी महाराष्ट्रांत पोलीस खात्यांतील अभियोक्त्यांसच नवें नांव देऊन पूर्वींच्याच खात्याखालीं ठेवण्यांत आलें. शेवटीं सर्वोच्च न्यायालयाला 1995 सालीं शहाणे खटल्यांत, ह्या अभियोक्त्यांचें खातें पोलिसांच्या ताब्यांतून काढून स्वतंत्र करा, अशी महाराष्ट्र सरकारास आज्ञा करावी लागली.

मग पीडिताच्या वकिलाची जागा कोणती? 1999 सालीं शिवकुमार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ह्याचें उत्तर दिलें. कसेंहि करून आरोपीस शिक्षा व्हावी अशी हांव सरकारी वकिलास असूं नये. आरोपीस उपकारक असलेली गोष्टहि त्यानें दडवूं नये. खाजगी वकिलाचें सारें लक्ष मात्र शिक्षेवरच खिळलेलें असण्याचा संभव असतो. म्हणून सत्र न्यायालयांत खटल्याचीं सूत्रें त्याच्या हातीं देतां येत नाहींत, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आमच्या मतें ह्या सर्व विषयाचें मर्म येथेंच आहे. सरकारी वकिलास अशील नसतो. पीडित हा त्याचा अशील नव्हे, पोलीस नव्हेत, आणि नांव सरकारी असलें तरी मंत्रीहि नव्हेत. त्याची निष्ठा सत्याशीं असावी, हीच अपेक्षा. आणि ती पुरी होत नाहीं असें लोकांस वाटूं लागलें म्हणजेच खाजगी वकिलाची मागणी वाढते.

तशी वेळ आमच्या शेजारींच आली. कन्हान नदी जेथें वैनगंगेस मिळते त्या बाजूच्या भंडारा जिल्ह्यांत, खैरलांजी येथें, 29 सप्टेंबर 2006 रोजीं एका दलित कुटुंबांतील चौघांचा जमावानें क्रूरपणें वध केला. आरंभीच्या तपासावर लोकांचा विश्वास उरला नाहीं, सर्वत्र क्षोभ उसळला, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि खटल्यासाठीं उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयानें 2008 सालीं सहा जणांस फांशीची व दोघांस जन्मठेपेची शिक्षा सांगितली. नागपूर खंडपीठानें 2010 सालीं फांशी रद्द करून ती 25 वर्षांच्या कारावासावर आणली. अॅट्रॉसिटी प्रतिबंधक कायदा मात्र लागू होतो असें न्यायालयांनीं मानलें नाहीं, आणि ती खंत पुष्कळांच्या मनांत राहिली. विशेष वकिलाची नेमणूक हा असा मधला मार्ग आहे: पद सरकारचें, पण निवड लोकांचा विश्वास पाहून केलेली. तो मार्ग उपयोगी आहे. परंतु ज्या गांवासाठीं मोर्चे निघत नाहींत, त्या गांवच्या बापानें काय करावें, हें त्यांतून ठरत नाहीं.

31 डिसेंबर 2009 पासून कायद्यानें पीडिताकडे थोडें वळून पाहिलें. सरकारी वकिलास साह्य करण्यासाठीं आपल्या पसंतीचा वकील देण्याची मुभा न्यायालय पीडितास देऊं शकेल, आणि आरोपी सुटला तर पीडितासहि अपील करतां येईल, असें ठरलें. तथापि अशा वकिलानें स्वतः साक्षीदार तपासूं नयेत, सूचना सरकारी वकिलामार्फत कराव्या, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें 2019 सालीं दिला. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि हीच चौकट आहे. तिच्यांत एक चांगली भर अशी कीं, पीडिताचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून न्यायालयानें खटला काढून घेण्यास संमति देऊं नये.

कोणी म्हणेल, मग पूर्वींसारखी फिर्याद फिर्यादीच्याच हातीं कां देऊं नये? आम्हांस तें मान्य नाहीं. तसें झालें तर ज्याची थैली जड त्याचाच आरोप जड होईल. धनवान फिर्यादी नामांकित वकील उभा करील आणि खाणकामगाराचा मुलगा मेला काय नि जगला काय, त्याची दाद लागणार नाहीं. गरिबाचें दुःख हें सर्वांचें दुःख मानून त्याच्यासाठीं बिनखर्चानें फिर्याद मांडावी, ह्यासाठींच तर समाजानें ती आपल्या हातीं घेतली. परंतु जी वस्तु दुसऱ्याकडून विश्वासानें घेतली, तिचा हिशेब त्याला देणें हेंहि कर्तव्यच ठरतें. सरकारी वकिलानें त्या बापास बोलावून घ्यावें, खटला कोठवर आला हें त्याच्या भाषेंत सांगावें, साक्षीपूर्वीं त्याचें म्हणणें ऐकावें, आणि पुरावा अपुरा असेल तर तेंहि त्यास स्पष्ट सांगावें. ह्यास नवा कायदा लागत नाहीं. कामाचा भार बेताचा असलेला, वरिष्ठांच्या मर्जीवर न राहणारा आणि माणुसकी शाबूत असलेला अधिकारी मात्र लागतो.

कन्हानच्या त्या बापास उद्यां कोणी सांगितलें कीं, बाबा, ही फिर्याद तुझी एकट्याची नाहीं, आम्हां सर्वांची आहे, तर त्याला तें खरें वाटलें पाहिजे. खटल्याच्या कागदावर त्याचें नांव नसलें तरी चालेल. न्यायालयाच्या दाराशीं त्याला आपण परके आहों असें वाटतां कामा नये.