टाकीची उंची आणि नळाचा दाब

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडून त्यावर १९२७ पासून वीज निर्माण केली जाते. खाली येणाऱ्या या पाण्याला दाब देते ती केवळ उंची. याच तालुक्याच्या पूर्व भागातील भूगाव, पिरंगुट, हिंजवडी परिसरात उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांनाही हाच नियम लागू पडतो. उंचीच्या दर १० मीटरमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. टाकी दहा हजार लिटरची आहे की पन्नास हजार लिटरची, याचा दाबाशी संबंध नसतो.

म्हणूनच सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांची तक्रार खरी असते. टाकीचे पाणी शॉवरपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच असेल, तर दाब ०.३ किलोच भरतो आणि तेवढ्यावर गॅस गिझर बहुधा पेटत नाही. उलट, दहा मजले खाली तोच दाब तीन किलोंच्या पुढे जातो. तेथे नळ्यांचे सांधे गळू लागतात, वॉशिंग मशिनची नळी सुटते. अशा मजल्यांसाठी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

मात्र धार बारीक होण्यामागे दर वेळी दाबच कमी असतो असे नाही. कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी जड असेल, तर शॉवरच्या छिद्रांत आणि नळाच्या जाळीत क्षार साचतात. एकाच नळाची धार मंद असल्यास जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालणे पुरेसे ठरते. फक्त गरम पाण्याची धार मंद असेल, तर दोष गिझरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत शोधावा. संपूर्ण घराची धार एकाएकी मंदावली असेल, तर दुरुस्तीनंतर एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला आहे का, हे पाहावे. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर नळ गुरगुरत असेल, तर पाइपात हवा अडकलेली असते. जुन्या इमारतींतील लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाले असतील, तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही. दहा लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात, हे घरातील प्रत्येक नळावर मोजून लिहून ठेवले, तरी निम्मे निदान होते. प्लंबरला बोलावण्यापूर्वी हे जरूर करावे.

एवढे पाहूनही वरच्या मजल्याची अडचण कायम राहिली, तर प्रेशर पंपाचा विचार करता येतो. तो सामाईक पाइपावर बसवल्यास शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते आणि सोसायटीच्या सभेत वादाला तोंड फुटते. त्यामुळे सोसायटीच्या संमतीने टाकीपासून स्वतंत्र नळी घेऊनच तो लावावा. वरच्या दोन मजल्यांसाठी मिळून एकच पंप घेणे अधिक सोयीचे पडते.

सार्वजनिक जलवाहिनीला थेट मोटर जोडणे मात्र सर्वस्वी गैर आहे. मोटरीच्या ओढीने वाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि जमिनीखालील गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. ते केवळ मोटर लावणाऱ्याच्याच घरात नव्हे, तर त्या वाहिनीवरील प्रत्येक घरात पोहोचते.