घुमटाखालचे निवासी

‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा संप म्हटला की महाराष्ट्राला हे डॉक्टर आठवतात. ते निवासी का, याचं उत्तर मात्र अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या घुमटाखाली सापडतं.

१८८९ मध्ये हे रुग्णालय उघडलं. विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तिथं पदवीनंतरच्या शिक्षणाची घडी बसवली. डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच शिकायचं. निवासी हा शब्द तेव्हा शब्दशः खरा होता.

ऑस्लर रुग्णाच्या खाटेपाशी शिकवत. हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रिया विभागाची रचना मनोऱ्यासारखी होती: तळाशी बरेच, माथ्यावर एकच. मुदत ठरलेली नसे. १९०४ च्या येल विद्यापीठातल्या व्याख्यानात त्यांनी सरासरी सांगितली ती आठ वर्षांची. सहा सहायक म्हणून, दोन मुख्य निवासी म्हणून. ३३ वर्षांत माथ्यापर्यंत पोचले अवघे १७ जण. मेंदूच्या शस्त्रक्रियेत पुढं नाव कमावणारे हार्वी कुशिंग त्यांतलेच. बाकीच्यांनी मधल्याच पायरीवरून वाट बदलली.

एवढी कडक शिस्त घालून देणारे हॉल्स्टेड स्वतः व्यसनाशी झगडत होते. १८८४ पासून कोकेननं अंग बधिर करण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते. त्यातून सवय जडली, पुढं मॉर्फिनचीही.

हॉपकिन्समधून निघालेली माणसं देशभर गेली, त्यांच्याबरोबर ही पद्धतही. कालांतरानं डॉक्टर बाहेर राहू लागले, त्यांचे संसार झाले. अखंड ड्यूटी मात्र तशीच राहिली.

तिला घड्याळ लागलं ते एका मृत्यूमुळं. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. ती नैराश्यावरचं फेनेल्झिन घेत होती. त्यात मेपेरिडीन दिलं गेलं. या दोन औषधांचा संयोग घातक ठरू शकतो. तिला तपासणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते. वडील सिडनी झायन पत्रकार; त्यांनी प्रकरण धसास लावलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये देशभर.

वाद तरीही मिटला नाही. तास कमी झाले तसे रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे प्रसंग वाढले, आणि तिथंही चुका होतात. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या निवासींसाठी सलग १६ तासांची मर्यादा घातली गेली. पुढं शस्त्रक्रियेच्या ११७ प्रशिक्षणक्रमांत कडक मर्यादा आणि सैल मर्यादा अशा दोन पद्धती ताडून पाहिल्या. रुग्णांच्या दृष्टीनं लक्षणीय फरक दिसला नाही. २०१७ मध्ये पहिल्या वर्षाच्या निवासींची पाळी पुन्हा २४ तासांवर गेली.