तांबोशी कशी ओळखायची? खाडीतलं पिल्लू आणि खडपातला मोठा मासा एकच!

मालवण : बाजारात लाल दिसणारा प्रत्येक मासा तांबोशी नसतो. भाव मात्र तांबोशीचा सांगितला जातो. म्हणून घेण्याआधी नीट बघा.

ओळख काय?
तांबोशीचं अंग जाड, भक्कम. पाठ हिरवट-तपकिरी, बाजू तांबूस, पोट फिकट. खवले मोठे. पुढचे दात सुळ्यासारखे, त्यामुळे गरी काढताना बोटं सांभाळा. पाठीच्या परात १० काटे असतात. शेपटी जवळजवळ सरळ कापल्यासारखी. मासा ८० सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो. शास्त्रीय नाव लुट्जानस अर्जेंटिमॅक्युलेटस.

गल्लत कुठे होते?
राणी मासा गुलाबी, पण लहान आणि सडपातळ. त्याची शेपटी दुभंगलेली असते. गोबऱ्याचं तोंड मोठं, खवले बारीक आणि शेपटी गोल. शेपटी बघितली तरी निम्मं काम होतं.

राहते कुठे?
मोठी तांबोशी समुद्रात खडपाच्या कपारीत राहते. दिवसा आडोशाला, रात्री शिकारीला. कुर्ल्या, कोळंबी, छोटे मासे हे तिचं खाणं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती असा खडकाळ तळ आहे. तिथलं मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं.

पिल्लं मात्र खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात. त्यांच्या अंगावर फिकट उभे पट्टे आणि डोळ्याखाली एक-दोन निळ्या रेघा असतात. त्यामुळे अनेकांना हा वेगळाच मासा वाटतो. मोठी झाली की पट्टे जातात. काही वर्षं खाडीत काढून ती समुद्राकडे निघते आणि अंडी तिकडेच घालते.

एवढं लक्षात ठेवा
हा मासा सावकाश वाढतो, पण ३० वर्षांहून जास्त जगू शकतो. खाडीत पागात सापडलेल्या वीतभर पिल्लाने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. खाडीकाठचं कांदळवन तोडलं, तर खडपात जाणारी तांबोशी येणार कुठून? पट्टेवालं पिल्लू जिवंत मिळालं, तर ओल्या हाताने धरून परत पाण्यात सोडा. उद्या तेच मोठं होऊन आपल्याच गरीला लागेल.