इंग्रजी कविता : आधी कानाने, मग पेनाने

उरण - राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तरीही दहावीला इंग्रजी कवितेचे रसग्रहण लिहावयाचे म्हटले, की अनेक विद्यार्थी गाईडमधील तयार उत्तर पाठ करतात. यमकाची रचना विचारली की ओळींच्या शेवटचे स्पेलिंग जुळवून पाहतात. गुण जातात ते येथेच.

वास्तविक उरण परिसरातील आगरी घरांतील मुलांना कवितेचा पहिला धडा लग्नमांडवातच मिळालेला असतो. धवलारिणी धवले गातात तेव्हा हातात पुस्तक नसते. ओळींची पुनरुक्ती आणि लय कानातच बसते. इंग्रजी कविताही अशीच ऐकावी लागते. मराठीत जसे लिहितो जवळजवळ तसेच वाचतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालते. इंग्रजीत तसे नाही. 'ब्लू', 'थ्रू' आणि 'शू' यांचे स्पेलिंग तीन तऱ्हांचे, पण यमक पक्के. उलट 'कम' आणि 'होम' यांची शेवटची तीन अक्षरे तीच, तरी उच्चार जुळत नाही. कवी अशी जोडी मुद्दाम योजतात, तेव्हा ते केवळ डोळ्यांचे यमक ठरते. ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने उच्चारावा आणि तो चक्क देवनागरीत लिहून पाहावा. पहिली-तिसरी व दुसरी-चौथी ओळ जुळली, तर रचना 'ए-बी-ए-बी'.

अनुप्रासालाही हाच नियम. 'फोन' आणि 'फिश' यांची आद्याक्षरे वेगळी, पण ध्वनी एकच, म्हणून अनुप्रास होतो. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही 'सी'ने सुरू होऊनही तो होत नाही.

अलंकार तर मराठीच्या तासाला शिकलेलेच असतात. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन. मात्र 'लाइक' दिसला की सिमिली, असे समजू नये. 'आय लाइक मँगोज' या वाक्यात ते साधे क्रियापद आहे. आपल्या उत्प्रेक्षेला शालेय इंग्रजीत वेगळे नाव नाही. 'ॲज इफ'ची कल्पना बहुधा सिमिलीतच धरतात.

खरी अडचण अर्थाची. 'कुत्र्याने मांजर पकडले' यातील शब्द मागेपुढे केले तरी पकडणारा कुत्राच राहतो, कारण 'ने' हा प्रत्यय कर्ता सांगतो. इंग्रजीत कर्ता ओळखावयाचा तो प्रामुख्याने जागेवरून, आणि कवितेत नेमकी हीच जागा बदलते. 'इंटू द क्रीक वेंट द बोट' या ओळीत कर्ता शेवटी आहे : होडी खाडीत गेली. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावतात, तसा येथेही लावावा. प्रथम क्रियापद शोधावे, मग ते कोणी केले हे विचारावे आणि वाक्य सरळ करून वहीत लिहावे. अनोळखी शब्दांसाठी शब्दकोश त्यानंतर उघडावा. अनेकदा निम्म्या शब्दांसाठी तो उघडावाही लागत नाही.