थिन क्लायंटला दोन मॉनिटर कसे जोडायचे? सोप्या मराठीत संपूर्ण माहिती

ऑफिसात टेबलावर नेहमीच्या सीपीयूऐवजी वहीएवढा छोटा डबा दिसला, तर तो बहुतेक थिन क्लायंट असतो. माझ्या पहिल्या नोकरीत, अकाउंट्सच्या कामाला, मला हाच मिळाला होता. एका खिडकीत स्कॅन केलेली बिलं, दुसरीत एंट्री, आणि दिवसभर अल्ट-टॅब. जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर आली होती आणि मी एका बिलाची रक्कम दुसऱ्याच पार्टीच्या नावावर टाकली. ती चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटातला जुना मॉनिटर काढून दिला, "हा लावून घे." तो लावताना मी केलेल्या चुका तुमच्या होऊ नयेत, म्हणून हा लेख.

थिन क्लायंट म्हणजे काय?

तुमचे प्रोग्रॅम आणि फाइल्स या डब्यात नसतात, त्या सर्व्हरवर असतात. तुम्ही दाबलेली बटणं नेटवर्कवरून तिकडे जातात आणि स्क्रीनचं चित्र परत येतं. म्हणूनच दोन मॉनिटरचं काम दोन ठिकाणी करावं लागतं: आधी डब्याला दोन्ही मॉनिटर दिसले पाहिजेत, मग सर्व्हरच्या सेशनलाही. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

पायरी १: पोर्ट बघा

डब्याच्या मागे डिस्प्लेसाठी दोन पोर्ट आहेत का ते पाहा. डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय, डीव्हीआय किंवा व्हीजीए, कुठलेही दोन. माझी पहिली चूक इथेच झाली. मी बाजारातून व्हीजीए स्प्लिटर आणला. तो एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो, जागा वाढवत नाही. पैसे वाया! यूएसबीला लावायचे डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण त्यांना बहुतेक वेळा ड्रायव्हर लागतो आणि थिन क्लायंटवर तो टाकायची परवानगी सहसा नसते. आधी विचारा, मग घ्या.

पायरी २: केबलची दिशा

डब्याला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल, तर साधी स्वस्त केबल बहुतेक वेळा चालते. उलट असेल, म्हणजे डब्याला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, तर साधी केबल चालत नाही. त्यासाठी अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दोन्ही मॉनिटर जोडून मगच डबा चालू करा.

पायरी ३: डब्याची सेटिंग

डब्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'डुप्लिकेट' नाही, 'एक्स्टेंड' निवडा. टेबलावर जो मॉनिटर डावीकडे आहे तोच चित्रातही डावीकडे ओढून ठेवा, नाहीतर माऊस भलत्याच बाजूने बाहेर पडतो.

पायरी ४: सेशनची सेटिंग

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर 'शो ऑप्शन्स' उघडा, 'डिस्प्ले' टॅबवर जा आणि 'युज ऑल माय मॉनिटर्स फॉर द रिमोट सेशन' या चौकटीत टिक करा. मग कनेक्ट करा. ही सोय २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आली. त्याआधीच्या 'स्पॅन' पद्धतीत दोन्ही स्क्रीन मिळून एकच लांब पडदा व्हायचा आणि खिडकी मोठी केली की ती दोन्हीकडे पसरायची. सेशन आधीच चालू असेल तर तो तोडून पुन्हा जोडा. फुल स्क्रीनमधून बाहेर यायला कंट्रोल, अल्ट आणि ब्रेक एकत्र दाबा.

पायरी ५: सेटिंग टिकवा

माझी दुसरी चूक. संध्याकाळी सगळं छान चाललं, सकाळी डबा चालू केला तर पुन्हा एकच स्क्रीन! विंडोजवाल्या अनेक थिन क्लायंटमध्ये 'राइट फिल्टर' असतो. रीस्टार्ट केलं की तो सगळे बदल पुसून टाकतो. अ‍ॅडमिनकडून तो बंद करून घ्या, सेटिंग करा आणि लगेच परत चालू करून घ्या. तो व्हायरसपासून संरक्षणही देतो, बंद ठेवू नका.

तरीही अडलं तर?

स्क्रीन काळीच असेल तर मॉनिटरच्या मेनूत बरोबर इनपुट निवडलंय का ते बघा. काम संथ वाटतंय? दोन फुल एचडी स्क्रीन म्हणजे ४१,४७,२०० पिक्सेल, एका स्क्रीनच्या दुप्पट. वाय-फायऐवजी लॅन केबल लावा किंवा रिझोल्यूशन कमी करा.

त्यानंतर माझ्या डावीकडे बिल आणि उजवीकडे एंट्री असायची. अल्ट-टॅब सुटला आणि पुढची २० तारीख शांतपणे गेली. तुम्हीही खरेदीला जाण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. दुकानात तोच सगळ्यात कामाला येतो.