कुंपणानं शेत खाऊ नये म्हणून



घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, आता राहिलं कुंपण. शेरडं आत शिरतात, कोंबड्या मिरचीची रोपं उकरतात. मग आपण घाईघाईनं चार बाभळीच्या फांद्या ओढून आणतो, नाहीतर तालुक्याला जाऊन तारेची भेंडोळी उचलतो. जरा थांबा. कुंपण घालणं सोपं असतं, निस्तरणं अवघड. आपल्याआधी ज्यांनी कुंपणं घातली त्यांचं काय झालं ते आधी ऐका, आणि मग दोरी धरा.

पहिली गोष्ट हद्दीची

आपल्याकडे जमीन मोजण्याची रीत जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली पाच हात पाच मुठींच्या काठीनं जमीन मोजली. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. इंग्रजी अमलात 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी व आकारणी सुरू केली. पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. या मोजणीची साखळी 33 फुटांची. त्या साखळीचा चौरस म्हणजेच आपला गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर.

पण एक ध्यानात घ्या. मोजली गेली ती काळी. पांढरी मात्र बहुतेक गावांत एकगठ्ठा गावठाण म्हणून सोडून दिली, घरनिहाय मोजलीच नाही. त्यामुळे शेताच्या कोपऱ्याला हद्दीचा दगड सापडतो, पण घराची हद्द आजोबांच्या शब्दावर चालते. ‘इथं आमचा जांब होता’ असं आपण म्हणायचं, ‘जांब आमच्या अंगणात होता’ असं शेजाऱ्यानं म्हणायचं. जांब पडून तीस वर्षं झाली, दोन्ही आजोबा गेले, आणि भांडण नातवांना मिळालं! ही उणीव भरून काढण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोननं गावठाणाची मोजणी करून घराघराची मिळकत पत्रिका दिली जाते.

आपल्या गावची पत्रिका झाली असेल तर आधी ती हातात घ्या. घर शेतात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा जवळ ठेवा, पण तो कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट निवडुंगाची

फड्या निवडुंग मूळचा आपला नाही, तो अमेरिका खंडातून आला. न पाणी, न खत, गुरं तोंड लावत नाहीत. कुंपणाला याहून चांगलं काय? लोकांनी तो बांधाला लावला, परसाला लावला. पण त्याचं एक फड मोडून पडलं तरी तिथं मूळ धरतं. बघता बघता तो बांध सोडून रानात शिरला. पडीक जमिनी, गायरानं, ओढ्याचे काठ त्यानं व्यापले. कुंपणानंच शेत खाल्लं, ही म्हण दख्खनच्या पठारानं शब्दशः खरी झालेली पाहिली.

त्यातून सुटका केली एका किड्यानं. 1795 साली किरमिजी रंगासाठी म्हणून ब्राझीलहून एक कीड कलकत्त्याला आणली. ती खऱ्या रंगाची निघालीच नाही, पण निवडुंगाची एक जात तिनं खाऊन साफ केली. दुसरी जात तरीही उरली. तिच्यासाठी 1926 साली सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, वेगळी कीड आणावी लागली. लावायला एक सकाळ पुरली, काढायला शंभराहून अधिक वर्षं गेली. म्हणून झाड निवडताना ‘हे लागेल का?’ एवढंच विचारू नका, ‘हे आवरेल का?’ हेही विचारा.

तिसरी गोष्ट मिठाच्या कुंपणाची

कर चुकवून मीठ आत येऊ नये म्हणून इंग्रज सरकारनं सिंधू नदीपासून महानदीपर्यंत नाकेबंदीची रेषा आखली होती. 1869 साली तिची लांबी 2,300 मैलांवर, म्हणजे सुमारे 3,700 किलोमीटरवर गेली आणि राखणीला सुमारे 12,000 माणसं होती. खाली बुऱ्हाणपूरपर्यंत या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचं काटेरी कुंपण केलं होतं. आधी वाळक्या काट्यांचं कुंपण रचलं. त्याला मैलामागे 250 टन काट्या लागत, आणि वाळवी, आग, वादळ यांच्यामुळे त्यातलं निम्मं दरवर्षी नव्यानं घालावं लागे. तेव्हा अधिकाऱ्यांनी जिवंत कुंपणाकडे मोर्चा वळवला. जिथं जमीन हलकी होती तिथं चर खणून बाहेरची माती भरली, पाण्याची सोय केली, तेव्हा कुठं झाडं धरली. 1 एप्रिल 1879 रोजी ही नाकेबंदी उठली. राखण संपली, तसं ते एवढं मोठं कुंपणही मोडून गेलं.

त्या कुंपणानं गरिबाचं मीठ महाग केलं, त्याचं कौतुक नको. पण एक हिशेब त्यातून शिकावा. वाळकं कुंपण स्वस्त दिसतं, पण दरवर्षी पैसे मागतं. हिरवं कुंपण पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि राखण मागतं, मग वर्षातून एक-दोनदा छाटणी.

आणि तार? काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट 1874 सालचं, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याचं. तिथल्या माळावर कुंपणाला लाकूड नव्हतं, दगड नव्हता, काटेरी झाडं वाढायला वर्षं लागत. तारेनं काम एका हंगामात केलं. पण बारीक तार गुरांना दिसत नाही, ती अंग फाडून घेतात. घराभोवती पोरंटोरं खेळतात, तिथं जाळी बरी.

तर मंडळी, दोरी धरण्याआधी एवढं करा :

१. शेजाऱ्याला आधी घरी बोलवा. चहा पाजा, खुणा दोघांनी मिळून ठरवा, चार जणांच्या सह्यांचा कागद करा.

२. झाडं हद्दीवर लावू नका, दोन हात आत लावा. म्हणजे फांदी शेजारी जाणार नाही आणि छाटणी आपल्याच जागेत उभं राहून करता येईल.

३. शेजाऱ्याच्या वळचणीचं पाणी कुठं पडतं, पावसाचा ओहोळ कुठून वाहतो, ते एका पावसाळ्यात पाहून ठेवा. वहिवाटीची वाट अडवू नका. शेताकडे जाणारी वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते.

४. करवंद उत्तम. काटा आहे, फळ आहे, छाटणीला दाद देतं. ताजं बी पावसाच्या तोंडाला पेरा आणि रोपं दोन ओळींत आडवी-तिडवी लावा. शेर घराजवळ नको, त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो.

५. तार किंवा जाळी लावणार असाल तर कोपऱ्याचे खांब खोल गाडा आणि त्यांना तिरके टेके द्या. तारेचा सगळा ताण कोपऱ्यावर येतो. तारेत घरची वीज मात्र कधीही सोडू नका. त्यानं माणसं मेली आहेत.

६. फाटक ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढं ठेवा.

कुंपण शेरडांसाठी असतं, शेजाऱ्यासाठी नव्हे. रात्री-अपरात्री घरात कुणाला साप चावला, तर त्या कुंपणापलीकडूनच पहिली हाक ऐकली जाणार आहे. दोरी धरताना तिचं दुसरं टोक त्याच्या हातात द्या.